मातीसकट वजन

परवा जिल्हा न्यायालयातून घरी येताना रिक्षा क्रांती चौकात अडकली. चालक पन्नाशीचा, शहागंजचा. आरशात माझा काळा कोट पाहून त्याने विचारले, कसली केस होती. म्हटले, गांजाची. तो जवळजवळ हिरमुसलाच. “गांजे वाला तो सो जाता साब. ये बटन वाला चाकू निकालता.” सिग्नल सुटला आणि विषय खड्ड्यांकडे वळला.

चाळीस वर्षे मी या शहरात फौजदारी बाजूची वकिली करतो आहे. गांजाविषयी इथल्या माणसाचे मत कुठून कुठे गेले असे कुणी विचारले, तर मी त्या रिक्षावाल्याचे वाक्य सांगेन. अमेरिकेत गॅलप नावाची संस्था १९६९ पासून लोकांना विचारते आहे की गांजा कायदेशीर असावा का. तेव्हा शंभरात १२ जण हो म्हणाले होते, २०२३ साली ७० म्हणाले. तिकडे मधल्या काळात बरेच काही घडले. कर्करोगाचे रुग्ण कोर्टात गेले, काळ्या तरुणांनी तुरुंग भरले, राज्यांना कराचा पैसा दिसला. आमच्याकडे ना मोर्चा निघाला, ना सार्वमत झाले. आमच्याकडे बटन आले आणि गांजा बसल्या जागी सज्जन ठरला.

ज्यांना सुदैवाने हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बटन म्हणजे झोपेची गोळी. नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम अशा नावांची, डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून मिळू नये अशी. पोरे ती पाच-सहा एकदम घेतात, वर खोकल्याच्या औषधाची बाटली. झोपायचे नाही असे ठरवून झोपेची गोळी खाल्ली की भीती मरते, आणि दुसऱ्या दिवशी आठवणही. हर्सूलच्या कारागृहात एकोणीस वर्षांच्या एका आरोपीने मला अगदी मनापासून विचारले होते, “वकीलसाहेब, खरंच मीच मारलं का?” तो नाटक करत नव्हता. नाटक करणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

मग ऑक्टोबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालय आणि अहमदाबादच्या गुन्हे शाखेने शहरात आणि पैठणच्या औद्योगिक वसाहतीत छापे घातले. कोकेन, केटामाइन, मेफेड्रोन. किंमत अडीचशे कोटींच्या वर. ज्या पैठणला आपण नाथषष्ठीला जातो, ते नाव राष्ट्रीय वाहिन्यांवर या कारणाने झळकले. त्या आठवड्यात बार रूममध्ये एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “यापेक्षा आपला गांजा बरा होता बुवा.” ‘आपला’ हा शब्द मी टिपून ठेवला. पंधरा वर्षांपूर्वी याच गृहस्थांनी गांजाचे वकीलपत्र घ्यायला नकार दिला होता, घरी कळले तर काय म्हणतील म्हणून.

हे मतपरिवर्तन मला पटत नाही. का ते सांगण्याआधी आजीची ओसरी सांगायला हवी.

लहानपणी आम्ही बेगमपुऱ्यात राहायचो, पाणचक्कीपासून पाच मिनिटांवर. आजोबा निजामाच्या अमदानीत उर्दूत शिकलेले. आबकारीच्या ठेक्यांच्या गोष्टी रंगवून सांगत. त्यात शिंदीबरोबर गांजाही येई, आणि त्या शब्दापाशी त्यांचा आवाज खाली जात नसे. जवळच्या तकियावर फकीर बसत, चिलमीला ओली साफी गुंडाळून ती एकाकडून दुसऱ्याकडे जाई. महाशिवरात्रीच्या आधी वेरूळला घृष्णेश्वराकडे निघालेले गोसावी गल्लीतून जात. आजी त्यांना शिधा वाढायची. ओंजळभरच, पण वाढायची. ओसरीवर मात्र बसू द्यायची नाही. त्यांच्या वासाला ती ‘बुवांचा वास’ म्हणे, आणि ते गेले की दारात पाणी शिंपडे.

गांजाविषयीची आपली जुनी वृत्ती ही अशी होती: शिधा द्यायचा, ओसरी द्यायची नाही. भाषेतही तेच. चांगल्या घरात वाया गेलेला निघाला तर तुळशीत भांग, वाया गेलेल्या घरात गुणी निघाला तर भांगेत तुळस. दोन्ही रोपे एकाच अंगणात उगवतात हे म्हणीने धरूनच चालले आहे. वैद्यांनी तिला विजया म्हटले आणि मात्रेत बांधले. उत्तर प्रदेशात भांगेची सरकारी ठेक्याची दुकाने आजही आहेत. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे भांगेलाही परवाना लागतो, हे धुळवडीला थंडाई घोटणाऱ्या किती जणांना माहीत असते कोण जाणे. मी तरी सांगत फिरत नाही, सणाच्या दिवशी वकील कुणाला आवडत नाही.

इंग्रजांनाही हे कोडे पडले होते. विलायतेच्या पार्लमेंटात १८९३ साली प्रश्न विचारला गेला की हिंदुस्थानात गांजाने माणसे वेडी होत आहेत, सरकार काय करते आहे. सरकारने मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांचा आयोग नेमला, त्यात तिघे हिंदी. त्यांनी १,१९३ साक्षीदार तपासले आणि सात खंडांचा अहवाल दिला. त्यातला एक खंड मला पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळाला. पुस्तक कंटाळवाणे आहे, पण त्यातला एक भाग कुठल्याही फौजदारी वकिलाने वाचावा असा आहे. वेड्यांच्या इस्पितळांत ज्या रुग्णांच्या नावापुढे ‘कारण: गांजा’ असे लिहिले होते, त्या १८९२ सालच्या नोंदी आयोगाने एकेक करून पुन्हा उलगडल्या. निम्म्याहून अधिक नोंदी टिकल्या नाहीत. रुग्णाला आणणाऱ्या शिपायाने काहीतरी सांगितले, कारकुनाने ते रकान्यात भरले, एवढाच त्यांचा आधार होता. माफक सेवनाने फारसे नुकसान होत नाही, अतिसेवनाने होते, सरसकट बंदी नको, कर लावा आणि नियंत्रण ठेवा, असा निष्कर्ष निघाला. आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात तेव्हा परवान्याने गांजा पिकत होता.

पुढे १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार आला. भारताने खळखळ केली, पंचवीस वर्षांची मुदत मिळवली, आणि झाडाची नुसती पाने व्याख्येबाहेर राहिली. म्हणजे भांग सुटली. मुदत संपत आली तसा १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा झाला. राष्ट्रपतींची सही १६ सप्टेंबरला, अंमल १४ नोव्हेंबरपासून. मी आदल्याच वर्षी सनद घेतली होती. पहिल्या वर्षी गांजाची केस म्हणजे दंड भरायचा आणि चहा प्यायचा. दुसऱ्या वर्षी त्याच आरोपीला पाच वर्षांची भीती घालावी लागली. गांजा तोच होता, चिलीमही तीच. त्या बिचाऱ्याने मला विचारले, “मधी काय झालं?” मला धड उत्तर देता आले नाही. जिनिव्हा, न्यूयॉर्क असे काहीतरी बोललो.

कायदा २००१ साली सुधारला. वजनाप्रमाणे शिक्षेच्या पायऱ्या आल्या. गांजा एक किलोपर्यंत ‘अल्प’, वीस किलोंच्या वर ‘व्यापारी’. अल्पला आता एक वर्षापर्यंत, मधल्याला दहापर्यंत, व्यापारीला दहा ते वीस. नुसते ओढताना सापडला तर कलम २७, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. आणि वीस किलोंच्या वर गेले की कलम ३७ चे कुलूप: आरोपी निर्दोष असावा असे कोर्टाला सकृद्दर्शनी वाटले तरच जामीन. त्यामुळे आमच्या धंद्यात गांजाच्या केसचा जीव तराजूत असतो. आता तराजूची गोष्ट.

२०१४ च्या नोव्हेंबरात माझ्याकडे एक बाई आली. डोंगराकडेच्या गावातली, बरोबर थोरला मुलगा. नवऱ्याच्या तुरीत गांजाची झाडे सापडली होती. तूर फुलावर आलेली, मधल्या ओळींत अडतीस झाडे, माणसापेक्षा उंच. एका ओळखीच्याने बियाणे दिले होते आणि माल मीच उचलीन म्हणाला होता. “बी बी त्यानंच दिलं, भावबी त्यानंच सांगितला,” ती म्हणाली. तो ओळखीचा अर्थातच कधी सापडला नाही. पोलिसांनी झाडे मुळासकट उपटली, तिथेच गावातल्या किराणा दुकानदाराचा काटा आणवला, त्यालाच वजनमाप करणारा म्हणून पंचनाम्यात घेतले. वजन ४६ किलो ३०० ग्रॅम. वीसच्या बरेच वर.

कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा किंवा फळधारी शेंडा. शेंडा सोबत नसेल तर पाने आणि बिया त्यात धरत नाहीत. खोड नाही, मूळ तर नाहीच. फिर्यादीत मात्र नेहमीचे वाक्य होते, आम्हा वकिलांना झोपेतही म्हणता येईल असे: हिरवट रंगाचा, ओलसर, उग्र वासाचा, पाने-फुले-बिया-काड्या असलेला गांजासदृश पदार्थ. त्या ४६ किलोंमध्ये फुलोरा किती हे कुणी वेगळे तोललेच नव्हते. उच्च न्यायालयाच्या खंडपीठातून जामीन मिळेपर्यंत चौदा महिने गेले. पुढे खटला उभा राहिला तेव्हा मी त्या दुकानदाराला उलटतपासात विचारले, झाडे झटकली होती का. नाही. मुळांना माती होती का. होती. किती? त्याने दोन्ही हातांनी आकार दाखवला. “ढेकळं होती साहेब.” न्यायाधीशांनी मान खाली घालून लिहून घेतले. माणूस सुटला.

चौदा महिन्यांत बैलजोडी गेली. धाकटा मुलगा दहावीतून बाहेर पडला, कारण शाळेत त्याला गांजा म्हणूनच हाक मारत. मी फी निम्मी घेतली होती. ती तरी का घेतली असे अधूनमधून वाटते, पण ऑफिसचे भाडे माझेही चुकत नव्हते.

त्याचा गुन्हा नव्हता असे मी म्हणत नाही. काय लावतो आहोत हे त्याला ठाऊक होते, आणि लागवडीच्या कलमाला वजन लागत नाही. माझी तक्रार त्या ढेकळांपुरती आहे. इतकी वर्षे आपण या विषयाचे सगळेच असे मातीसकट तोलत आलो. शंभर ग्रॅम ओढणारा, तुरीत चार ओळी लावणारा आणि आंध्र-ओडिशाच्या सीमेवरून ट्रक भरून आणणारा, तिघेही एकाच काट्यावर.

सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यात २०२१ साली एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज दिला: कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही, दोन एकरांत गांजा लावायची परवानगी द्या, अमुक तारखेपर्यंत उत्तर आले नाही तर परवानगी आहे असे समजतो. अर्ज पोलिसांकडे गेला, पोलिसांनी प्रसिद्धीचा खटाटोप म्हटले. असेलही. पण त्या दिवशी आमच्या कोर्टाच्या आवारातल्या चहाच्या टपरीवर एकही माणूस त्या शेतकऱ्याला हसला नाही, आणि हे माझ्या लेखी मोठे होते. कायद्याच्या कलम १४ मध्ये तंतूसाठी आणि बियांसाठी लागवडीची परवानगी देता येते. उत्तराखंडने २०१८ पासून ती वाट धरली, हिमाचल त्या वाटेवर आहे. नशेचा अंश जवळपास नसलेले हे भांगेचे वाण. त्याच्या बिया आणि तेल खाद्य म्हणून विकायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये मोकळीक दिली. मुंबईतली मुले विजयाच्या नावाने कंपन्या काढून बसली आहेत. सिडकोतल्या माझ्या शेजाऱ्याकडे विजयाचे तेल कुरिअरने येते, गुडघ्यांसाठी. तो कट्टर नशाविरोधी आहे. ‘ती वेगळी वनस्पती’ असे त्याचे म्हणणे, आणि मी वाद घालत नाही, कारण त्याचा गुडघा खरेच दुखतो.

नावे बदलली की माणसे बदलतात, याचा अनुभव मला घरातच आला. माझा भाचा, धाकट्या बहिणीचा मुलगा, इथेच अभियांत्रिकीला होता. हुशार, गिटार वाजवणारा. तो दुसऱ्या वर्षाला असताना बहिणीला त्याच्या कॅल्क्युलेटरच्या कव्हरमध्ये पुडी सापडली. ती माझ्याकडे आली नाही. आली असती तर बरे झाले असते. पुडी तिने संडासात ओतली, त्याला देवापुढे शपथ घालायला लावली आणि गप्प बसली. पुढची दोन वर्षे तो घरातच ओढत होता आणि ती घरातच उदबत्त्या लावत होती. शेवटच्या वर्षी तो मोबाइल डबीत घालून ठेवायला लागला. समोरच्या टॉवरवरून आपले बोलणे ऐकतात म्हणायचा. मग रात्री जागणे, भिंतीला कान लावणे. तेव्हा ती माझ्याकडे आली. दारातच उभी राहून पहिले वाक्य बोलली ते हे, “दादा, डॉक्टरकडे नेलं तर पोलीस केस होईल का?”

दोन वर्षे ती त्या प्रश्नापाशी अडली होती. भाऊ वकील आहे हे ठाऊक असून विचारायला घाबरली, कारण विचारले की ते खरे होणार. त्याच कायद्यात कलम ६४क आहे: व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. मी हे कलम दहा वेळा कोर्टात वाचून दाखवले आहे. सख्ख्या बहिणीला सांगितले नव्हते. सांगायचे सुचायला आपल्या घरात तसे काही असू शकते हे आधी मानावे लागते.

भाचा बरा आहे. दीड वर्ष औषधे, मधे एकदा उलटले, पुन्हा सावरले. आता वाळूजला नोकरी करतो. त्या काळात मी विज्ञान जेवढे समजेल तेवढे वाचले. २०१९ मध्ये लॅन्सेट सायकियाट्रीत युरोप आणि ब्राझीलमधल्या शहरांचा मोठा अभ्यास आला. ज्यात नशेचा घटक १० टक्क्यांहून जास्त आहे असा गांजा रोज ओढणाऱ्यांत मनोविकाराची शक्यता कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळपास पाचपट आढळली. आणि गांजाही आता आजीच्या गोसाव्यांचा राहिलेला नाही. अमेरिकेत जप्त मालात तो घटक १९९५ मध्ये ४ टक्क्यांच्या आसपास होता, आता १५ च्या वर आहे. १८९३ च्या आयोगाने तपासलेला गांजा वेगळा, माझ्या भाच्याने ‘वीड’ म्हणून घेतलेला वेगळा. ते जुने सात खंड दाखवून ‘बघा, इंग्रजांनीही निर्दोष ठरवला’ म्हणणाऱ्यांना मी म्हणून थांबवतो. पुरावा जुना झाला की त्याला पुन्हा तपासावे लागते.

“मामा, तो गांजा नाही, वीड आहे. झाडपाला आहे,” असे तो आजारपणाआधी मला सांगायचा. या ‘वीड’ शब्दात आमच्या शहराचा अर्धा मतबदल लपलेला आहे. गांजा मुकुंदवाडीच्या रेल्वे रुळांजवळ सापडतो, वीड फ्लॅटमध्ये. गांजा ओढणारा गर्दुल्ला, वीड घेणाऱ्याला जरा ‘ताण’ असतो. न्यायालयात मात्र दोघांचा पंचनामा एकाच भाषेत होतो, उग्र वासाचा. फरक पंचनाम्याआधीच पडून गेलेला असतो: एकाचे नाव फिर्यादीत येते, दुसऱ्याच्या वडिलांना फोन जातो.

आणि दारू? तिच्याकडे बोट दाखवल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही, तेव्हा दाखवतो आणि पुढे जातो. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या, २०१९ मध्ये आलेल्या पाहणीत देशात १६ कोटी लोक दारू पितात आणि भांग-गांजा-चरस मिळून ३ कोटी १० लाख घेतात असे दिसले. त्यातले सव्वादोन कोटींच्या आसपास भांगेचे. आमचे शहर तर बिअरचे माहेरघर. २०१६ च्या दुष्काळात आमच्या नळाला आठवड्याने पाणी येत होते तेव्हा मद्यनिर्मिती कारखान्यांचे पाणी निम्म्याने तोडा, पुढे साठ टक्के तोडा, असा आदेश खंडपीठाला द्यावा लागला होता. ज्या गावात बिअरला पाणी किती द्यायचे हे न्यायालय ठरवते, त्या गावाने चिलमीवर नैतिक व्याख्यान देऊ नये एवढेच.

माझी मुलगी कॅनडात मिसिसागाला असते. तिथे गांजा १७ ऑक्टोबर २०१८ पासून कायदेशीर आहे. पण दुकान आपल्या गावात हवे की नको हे ठरवण्याची एक संधी ओंटारिओने नगरपालिकांना दिली होती, आणि मिसिसागाने नको म्हटले होते. २०१९ मध्ये मी गेलो तेव्हा दुकान नव्हते. एप्रिल २०२३ मध्ये त्यांच्या नगरसभेने पुन्हा मत घेतले आणि हो म्हटले. त्यानंतरच्या खेपेला जावयाने मला मुद्दाम एका दुकानात नेले. बाहेरून काहीच दिसत नाही, काच दुधाळ, मुलांच्या नजरेला माल पडू नये म्हणून. शाळेपासून दीडशे मीटर लांब. दारात वयाचा पुरावा मागतात, एकोणीस पूर्ण हवे. माझे पांढरे केस पाहूनही त्या मुलीने पासपोर्ट मागितला, मला उगाच बरे वाटले. आत औषधाच्या दुकानासारखी शांतता. साध्या डब्या, लाल इशारा, नशेच्या घटकाची टक्केवारी छापलेली. मला सगळ्यात जास्त हेवा वाटला तो त्या छापलेल्या टक्केवारीचा. आमच्या पुडीत काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसते, रासायनिक तपासणीचा सी.ए. रिपोर्ट येईपर्यंत सरकारलाही नसते.

मुलीचे म्हणणे, बाबा, इथे बघा, आभाळ कोसळले नाही. खरे आहे, कोसळले नाही. पण तिथे पासपोर्ट मागणारी ती मुलगी होती. आपल्याकडे झोपेची गोळीसुद्धा कायद्याने चिठ्ठीवरच मिळायची असते, आणि बटनाचे काय झाले ते वर लिहिलेच आहे. ज्या व्यवस्थेला एका गोळीची चिठ्ठी सांभाळता येत नाही, ती टक्केवारी आणि दीडशे मीटर सांभाळेल यावर माझा विश्वास नाही. थायलंडने जून २०२२ मध्ये घाईने सगळे मोकळे केले. आमच्या हास्यक्लबातले चौघे तिथून फोटो काढून आले, दुकानांच्या रांगाच रांगा. तीन वर्षांत, जून २०२५ मध्ये, सरकारने पुन्हा डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची केली. दुकान उघडणे सोपे असते, बंद करणे नाही. दारूबाबत हे आपल्याला शिकवायला थायलंड नको होते.

तेव्हा उद्या दुकाने उघडा, या बाजूचा मी नाही. आणि ‘बटनापेक्षा बरा’ हे कारण तर मला अजिबात मान्य नाही. उद्या बटनापेक्षा वाईट काही आले, तर बटनही आपले होईल.

पण ओढणाऱ्याला आरोपी म्हणणे थांबवा, हे मी आता उघड म्हणतो. दहा वर्षांपूर्वी म्हणत नव्हतो. भारताने २ डिसेंबर २०२० रोजी व्हिएन्नात, संयुक्त राष्ट्रांत, गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्याच्या बाजूने मत दिले. २७ विरुद्ध २५ अशा काठावरच्या मतदानात आपले मत होते. जे व्हिएन्नात म्हटले ते हर्सूलच्या फाटकापाशीही म्हणावे. कलम २७ मधून गांजाचे सेवन काढा, अल्प प्रमाणाला पोलीस ठाण्याऐवजी समुपदेशकाकडे पाठवा, आणि कलम ६४क महाविद्यालयांच्या फलकांवर आणि नशामुक्तीच्या पोस्टरवर मराठीत, उर्दूत मोठ्या अक्षरांत लावा. सध्या त्या पोस्टरवर हातकडी असते. त्यासोबत जप्तीच्या वेळी फुलोरा वेगळा तोला. याला तर नवा कायदाही नको, फक्त झाडे झटकायची आहेत. मोकळ्या झालेल्या हातांनी बटन येते कुठून ते शोधा.

हे सगळे मी गेल्या दिवाळीत घरी बोललो तेव्हा बहीण उठून आत गेली. तिचे म्हणणे स्पष्ट आहे: विकणाऱ्याला फाशी द्या, पिणाऱ्याला बडवा. तिने जे पाहिले त्यानंतर मी तिला मुद्दे सांगणार नाही. भाचा मात्र बसून राहिला. चकलीचा तुकडा मोडत म्हणाला, “मामा, दुकान असतं तर मी पहिल्या दिवशी रांगेत असतो. आणि केसची भीती नसती तर आईनं मला पहिल्या महिन्यात डॉक्टरकडे नेलं असतं. आता तुम्ही बघा काय करायचं ते.” मी आजवर ऐकलेल्या साक्षींत इतकी सरळ साक्ष क्वचित असेल. ती दोन्ही पक्षांच्या विरोधात जाते.

तो तुरीवाला शेतकरी दर वर्षी संक्रांतीच्या आधी पाच किलो डाळ घेऊन येतो. नको म्हटले तरी येतो. यंदा आला तेव्हा त्याने पिशवी टेबलाखाली सरकवली, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि हळूच विचारले, “सायेब, मोबाइलवर आलंय, सरकार गांजाला परवानगी द्यायलंय म्हणं. खरं हाय का?” म्हटले, नाही. तंतूच्या भांगेचे कुठेकुठे चालले आहे, ते वेगळे. आपल्याकडे अजून काही नाही. त्याने जरा वेळ विचार केला. २०२५-२६ साठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये जाहीर झाला होता, बाजारात त्याला तेवढा मिळाला नव्हता.

“मग ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला. “डाळीत खडा असंल एखादा, निवडून घ्या.”